एका आलेखावर दोन सूची कशा बसवायच्या? पावसाच्या आकडेवारीचे उदाहरण

बेळगाव : पावसाळा लागला की तालुक्यांच्या पावसाचे आणि धरणांच्या पाणीपातळीचे आलेख मोबाईलवर फिरू लागतात. कोणती रेघ कोणत्या वर्षाची हे कळले नाही, तर जुन्या पुराची रेघ यंदाची समजून नदीकाठची माणसे घाबरू शकतात. आकडे बरोबर, पण निरोप चुकीचा! म्हणून रेघांचा अर्थ सांगणारी चौकट, म्हणजे लेजंड, नीट असावी लागते. शाळेच्या भूगोलात नकाशाच्या कोपऱ्यात असते ती 'सूची', तीच ही.

पायथनमध्ये आलेख काढायला मॅटप्लॉटलिब ही मोफत लायब्ररी सर्रास वापरतात. मेंदूविज्ञानाचे संशोधक जॉन हंटर यांनी ती तयार केली. २००३ पासून ती उपलब्ध आहे.

दोन सूची कशाला?

समजा खानापूर, बेळगाव आणि अथणी या तालुक्यांचा जूनपासूनचा एकूण पाऊस दाखवायचा आहे. वर्षे दोन : महापुराचे २०१९ आणि दुष्काळाचे २०२३. तालुक्याला रंग दिला. २०१९ ला अखंड रेघ, २०२३ ला तुटक. झाल्या सहा रेघा. उद्या चार तालुके आणि तीन वर्षे घेतली, तर एकाच सूचीत १२ नोंदी होतील. त्याऐवजी रंगांची एक आणि रेघांच्या प्रकाराची दुसरी सूची केली, तर सातच नोंदींत काम भागते.

घोळ कुठे होतो?

'लेजंड' ही आज्ञा दोनदा दिली की दोन सूची येतील, असे वाटते. तसे होत नाही. एका आलेखाच्या चौकटीला मॅटप्लॉटलिब एकच सूची धरते. दुसरी आली की पहिली जाते, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

उपाय असा :

१. सूचीसाठी नमुना रेघा तयार करा. त्यासाठी 'लाइन-टू-डी' वापरतात. तालुक्यांसाठी तीन रंगीत रेघा, वर्षांसाठी दोन काळ्या : एक अखंड, एक तुटक. यांना 'हँडल' म्हणतात.

२. तालुक्यांची सूची बनवून ती एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. जागा 'अपर लेफ्ट' द्या. एकूण पावसाची रेघ खालून वर चढते, त्यामुळे डावीकडचा वरचा कोपरा रिकामाच असतो.

३. 'ॲड आर्टिस्ट' ही आज्ञा देऊन ती सूची आलेखावर पक्की करा. सगळी मेख इथेच आहे.

४. आता वर्षांची सूची नेहमीसारखी बनवा. पहिली जागची हलणार नाही.

दुसरी सूची चौकटीबाहेर उजवीकडे हवी असेल, तर 'बीबॉक्स टू अँकर' मध्ये १.०२ आणि १ हे आकडे द्या आणि जागा 'अपर लेफ्ट' ठेवा. चौकटीची रुंदी आणि उंची प्रत्येकी १ धरलेली असते, त्यामुळे १.०२ म्हणजे उजव्या कडेच्या किंचित बाहेर. चित्र सेव्ह करताना 'बीबॉक्स इंचेस' ला 'टाइट' म्हणा, नाहीतर बाहेरची सूची कापली जाते.

पाऊस आणि धरणाची पातळी एकत्र

डावीकडे पावसाचे मिलिमीटर आणि उजवीकडे धरणाची पातळी असे दोन अक्ष 'ट्विन-एक्स'ने घेतले, तर गोष्ट वेगळी. इथे प्रत्येक अक्षाची सूची स्वतंत्र असते, दोन्ही टिकतात, पण एकमेकींवर बसू शकतात. अशा वेळी दोन्हींचे हँडल आणि नावे 'गेट लेजंड हँडल्स लेबल्स'ने काढून बेरीज करावी आणि एकच सूची छापावी.

मराठी नावांचे काय?

मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या डेजाव्हू सॅन्स फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून 'खानापूर'च्या जागी नुसते चौकोन दिसतात. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फाँट निवडावा. त्यानंतरही जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर आहेत का, ते डोळ्यांनी तपासावे.

शेवटी एक झेरॉक्स काढून बघावी. रंग गेले तरी अखंड आणि तुटक रेघ ओळखू येते. २०१९ कोणते आणि २०२३ कोणते, हे त्या काळ्या-पांढऱ्या कागदावरही कळले, तर आलेख पुढे पाठवायला हरकत नाही.