पुलाखाली अडकलेला मज्जातंतू

डावा हात उजव्या खांद्यावरून पाठीकडे न्या. फऱ्याच्या हाडाची आडवी कड बोटांना लागेल. आता उजवे कोपर बरगड्यांना टेकवून, काटकोनात वाकवून, पंजा बाहेरच्या बाजूस जोराने वळवा. कडेखालचा स्नायू टणक झालेला जाणवेल. कडेच्या वरही असाच एक स्नायू आहे. वरचा हात उचलण्यास मदत करतो, खालचा हात बाहेर वळवतो. या दोघांनाही मेंदूची आज्ञा पोचविणारा मज्जातंतू मात्र एकच!

हा मज्जातंतू मानेतून निघून फऱ्याच्या वरच्या काठावरील खाचेतून मागे जातो. खाचेवर चिवट अस्थिबंधाचा पूल असतो. बहुधा धमनी पुलावरून जाते, मज्जातंतू पुलाखालून. काहींची खाच अरुंद असते, तर काहींचा अस्थिबंध हाडासारखा कठीण होतो. मग मज्जातंतू चेपला जातो. खांद्यामागे खोल ठणका लागतो आणि हाताचा जोर कमी होतो.

पुढे हा मज्जातंतू आडव्या कडेला वळसा घालतो. व्हॉलीबॉलपटूंमध्ये तेथे वारंवार ताण बसून फक्त खालचा स्नायू रोडावतो. पुष्कळदा काहीच दुखत नाही, म्हणून खेळाडूला पत्ताही लागत नाही!

पूर्वी पुलापर्यंत पोचण्यासाठी खांद्यावर मोठा छेद घ्यावा लागे. १९१८ साली टोकिओत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण शवाच्या गुडघ्यात घालून पाहिली. सांध्याच्या दुर्बिणीच्या वाटचालीतील तो एक सुरुवातीचा टप्पा होता. २००७ साली फ्रान्सचे शल्यविशारद लॉरां लाफोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून हा पूल कापण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लहान छिद्रांतून पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण आणि हत्यारे आत जातात. मिठाचे पाणी सोडून जागा फुगवितात. पडद्यावर आतले दृश्य दिसते. धमनी सांभाळून फक्त अस्थिबंध कापतात. मज्जातंतूला कापायचे नसते, त्याची वाट मोकळी करायची असते.

मग प्रत्येकावर शस्त्रक्रियाच करावी काय? नाही. स्नायूंतील विद्युत्‌स्पंदने मोजून निदान पक्के करतात. अनेकांना विश्रांती व व्यायाम पुरतो. पण द्रवाची गाठ मज्जातंतूवर दाब देत असेल किंवा स्नायू रोडावतच असेल, तर उशीर महागात पडतो. दाब गेल्यावर ठणका थांबू शकतो. फार दिवस आज्ञेवाचून राहिलेला स्नायू मात्र पूर्ववत होईलच असे नाही.

म्हणून तुमच्या संघातील एखाद्याचा एक फरा मागून खोलगट दिसला, तर “दुखत नाही ना, मग सोड” असे म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे पाठवा.