गिअरचा दांडा अडतो तेव्हा

पावसाळा ओसरून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील चिखलाच्या वाटा वाळू लागल्या की, वेल्हे, भोर, आंबेगाव, अकोले अशा डोंगरी मुलखातून फिरून आलेल्या फोर-बाय-फोर गाड्या गॅरेजच्या दारात उभ्या राहू लागतात, आणि त्यांच्या मालकांच्या तोंडी इतर किरकोळ गाऱ्हाण्यांबरोबर एक तक्रार हटकून असते : गिअर हार्ड पडतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा अडतो, गाडी उभी असताना पहिला गिअर पडता पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर आवाज होतो, आणि घाटाच्या ऐन चढावर, जेथे क्षणाचाही विलंब परवडत नाही, तेथे मनगटाचा सारा जोर खर्ची घालावा लागतो. या तक्रारीवर सर्रास मिळणारे उत्तर असे की, गिअरबॉक्स उतरवून पाहावा लागेल; आणि मालकही, दांडा ज्या पेटीतून वर आलेला दिसतो त्या पेटीतच कसूर असणार असे गृहीत धरून, मोठ्या खर्चाला संमती देऊन मोकळा होतो. वस्तुतः हाताला जाणवणारा हा कडकपणा पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेरच जन्म घेतो, आणि त्याचे मूळ कोठे आहे हे ठरवणाऱ्या साध्या परीक्षा इतक्या निर्णायक आहेत की, त्या टाळून एकदम पेटी उघडणे हा मला पैशाचा तसाच यंत्राचाही अपव्यय वाटतो.

गिअर पडतो म्हणजे आत नेमके काय होते, ते आधी पाहिले पाहिजे. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची दंतचक्रे सदैव एकमेकांत गुंतलेलीच असतात; दांडा हलवला की आतला काटा स्लीव्ह नावाचे एक सरकते कडे ढकलतो आणि ते कडे हव्या त्या चक्राला शाफ्टशी जखडून टाकते. परंतु कडे आणि चक्र निरनिराळ्या वेगाने फिरत असतील तर त्यांचे दात एकमेकांवर आपटतील. म्हणून दोहोंच्या मध्ये, बहुधा पितळेची, एक शंक्वाकृती रिंग बसवलेली असते, जी घर्षणाने दोहोंचा वेग सारखा करते आणि तो सारखा होईपर्यंत कड्याची वाट अडवून धरते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीबरोबर चार पावले धावतो आणि मगच दांडीला हात घालतो, तसाच हा प्रकार आहे. ही सिंक्रोमेशची योजना कॅडिलॅक मोटारीतून १९२८ साली प्रथम बाजारात आली. तरीही दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या तीन गिअरांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्यालाच ती लाभली होती. पहिला गिअर तिच्यावाचूनच होता, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडणी केलेल्या जीपगाड्या घेऊन मामलेदार-प्रांतांना दौऱ्यावर नेणारे जुने ड्रायव्हर डबल क्लच मारून हे वेग जुळवण्याचे काम आपल्या पायाने आणि कानाने करीत असत.

यातला महत्त्वाचा भाग असा की, रिंग वाट अडवते तेव्हा ती आपले काम चोख बजावीत असते. क्लच पुरता सुटला नाही तर इंजिन गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टला फिरवीतच राहते. अशा वेळी त्या बोटभर रुंदीच्या पितळी रिंगेवर साऱ्या इंजिनाशी झगडून वेग जुळवण्याचा प्रसंग येतो, तो जुळत नाही, आणि रिंग कड्याला पुढे सरकू देत नाही. आपल्याला मात्र दांडा कडक झाला एवढेच कळते. त्यावर जोर केल्यास रिंगेच्या खाचा झिजतात, काटा वाकतो, आणि जो बिघाड आरंभी क्लचचा होता तो काही महिन्यांत खरोखरच गिअरबॉक्सचा होऊन बसतो.

म्हणून पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करावी. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून, क्लच दाबावा व सगळे गिअर एकापाठोपाठ एक टाकून पाहावेत. एखादा पडलाच नाही तर क्लच सोडून पुन्हा दाबावा किंवा हँडब्रेक सोडून व दगड काढून गाडी किंचित पुढेमागे ढकलावी, कारण स्थिर चक्रांचे दात समोरासमोर येणे हे स्वाभाविक आहे, बिघाड नव्हे. मग इंजिन चालू करून तीच उजळणी करावी. इंजिन बंद असताना दांडा सहज फिरतो आणि चालू होताच अडतो, असे असेल तर संशय जवळजवळ निखालसपणे क्लचकडे वळवावा. याची खातरजमा रिव्हर्सवर होते : इंजिन मंद चालत असताना क्लच तळापर्यंत दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोची सोय नसते. तेव्हा इतके थांबूनही करकर होत असेल, तर क्लच दाबूनही इंजिन पुढच्या शाफ्टला फिरवीत आहे हे सिद्ध झाले.

क्लच का सुटत नाही याचा शोध पायाखालून सुरू करावा. चिखलासाठी म्हणून टाकलेली जाड रबरी मॅट पेडलच्या वाटेत येते आणि शेवटचे दोन बोटे अंतर पायाला मिळतच नाही, हे कारण क्षुल्लक वाटले तरी अनेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या जीपला किंवा जिप्सीला क्लचची यांत्रिक जोडणी असते, तेथे केबलचा किंवा कांबींचा ढिलेपणा पाहावा. हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांत मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन सिलिंडरांची तपासणी करावी. पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर गिअर सुलभ पडू लागला, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरातले रबर गळते आहे. इंजिन बंद व गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून खाली चटई टाकून आडवे व्हावे, बॅटरीचा झोत बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, कडेला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरवर धरावा, आणि वर बसलेल्याला पेडल सावकाश दाबायला सांगावे. वाळक्या चिखलाचा पापुद्रा खरवडून काढला की रबरी टोपी दिसते. तिची कड नखाने उचलली असता आत ओल लागली, तर तेल झिरपत आहे. आणि पेडल तळाला टेकले तरी सिलिंडरातून निघणारी दांडी पुरती सरकत नसेल, तर गिअरबॉक्सला बोल लावण्याचे कारणच उरत नाही. दांडी पुरती सरकत असतानाही जर क्लच सुटत नसेल, तर मात्र दोष बेल हाउसिंगच्या आत आहे.

कडकपणा केव्हा येतो, ही वेळही मोठा पुरावा असते. सकाळी सर्व ठीक आणि दगडाळ चढावर लो गिअरमध्ये तासभर रांगल्यावर गिअर अडू लागतो, अशी तक्रार असेल तर क्लचच्या तेलाचे वय विचारावे. हे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. एक्झॉस्टच्या सान्निध्यात तापलेल्या नळीत वाफेचा बुडबुडा धरला की पायाचा दाब त्या बुडबुड्यातच जिरतो. गाडी निवाली की गिअर पूर्ववत पडतो, आणि गॅरेजमध्ये थंड गाडी नेऊन दाखवणाऱ्या मालकाच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. नवे तेल भरून हवा काढणे हा त्यावरचा स्वस्त इलाज आहे, आणि तो अगोदर करून पाहावा.

नदीनाले ओलांडणाऱ्या गाड्यांच्या वाट्याला आणखी एक व्याधी येते. बेल हाउसिंगमध्ये पाणी-चिखल शिरून गाडी पुढे आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते किंवा शाफ्टच्या खाचांवर सरकेनाशी होते. क्रँकशाफ्टच्या टोकाचे पायलट बेअरिंग कोरडे पडून जाम झाले, तर क्लच निर्दोष असूनही शाफ्ट फिरत राहतो. हे दोष गिअरबॉक्स उतरवल्यावाचून दूर होत नाहीत. पण तो उतरवावा लागणे आणि उघडावा लागणे यांत खर्चाचे अंतर फार आहे, आणि ते मालकाने आधीच समजून घ्यावे.

इंजिन बंद असतानाही दांडा कडकच लागत असेल, तर शोधाची दिशा पालटते. जीपच्या घराण्यातल्या गाड्यांत दांडा थेट गिअरबॉक्सच्या माथ्यावर बसवलेला असतो. त्याचे रबरी बूट फाटले की धूळ आणि पाणी खालच्या गोलाकार सांध्यात उतरतात, आणि दांडा आडवा हलवतानाच खरखर जाणवू लागते. गाडी उंच दिसावी म्हणून बॉडी वर उचलली असेल, किंवा इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग बसले असेल, तर दांडा फ्लोअरच्या खाचेला टेकतो; बूट वर सरकवून पाहिल्यास घासल्याची चकचकीत खूण तेथेच सापडते. ज्यांच्या गाडीला फोर-बाय-फोरचा दुसरा दांडा आहे, त्यांनी कोणता दांडा अडतो हेही नीट पाहावे. पार्ट-टाइम पद्धतीत पुढचा व मागचा ॲक्सल एकत्र जखडले जातात, आणि वळणावर दोघांना निराळे अंतर कापावे लागत असल्यामुळे डांबरी सडकेवर, जेथे चाक घसरत नाही, तेथे साऱ्या शाफ्टांत पीळ साठतो व दांडा फोर-व्हीलमधून निघता निघत नाही. सरळ रेषेत थोडे रिव्हर्स घेतले की पीळ सुटतो; हा बिघाडच नसल्यामुळे त्यावर दुरुस्तीही नाही, कोरड्या सडकेवर फोर-व्हील न लावणे एवढीच तजवीज आहे.

राहिले तेल. चढ चढून तापलेली गिअरबॉक्सची पेटी गार ओढ्यात बुडाली की आतली हवा आकुंचन पावते व बाहेरून काही ना काही आत ओढू पाहते. यासाठी ब्रीदर नावाची बारीक वाट ठेवलेली असते, परंतु ती चिखलाने बुजली असेल तर ऑइल सीलच्या ओठांमधून पाणी आत जाते, आणि उघडी असूनही पाण्याखाली गेली तर तिच्यातूनच जाते. म्हणून जाणते लोक ब्रीदरला नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर नेतात, आणि पाणी ओलांडण्याच्या गाडीला याहून अगत्याचा फेरफार मला दुसरा दिसत नाही. तपासताना आधी तेल भरण्याचा वरचा नट सुटतो याची खात्री करूनच खालचा उघडावा, नाहीतर तेल गेले आणि भरायची वाट बंद, अशी पंचाईत होते. तेल दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे. खालच्या नटाच्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा मऊ लेप असणे हे नित्याचे आहे. लोखंडाचे टवके किंवा तेलात तरंगणारी पिवळसर चमक मात्र नव्हे, कारण ती चमक सिंक्रो रिंगेच्या पितळेची असते. नवे तेल निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिले असेल तेच भरावे : डिफरन्शियलसाठी केलेल्या जीएल-५ तेलांत गंधक-फॉस्फरसाची द्रव्ये जीएल-४ पेक्षा अधिक असतात, त्यांतली कित्येक पितळेला बाधतात, आणि काही तेले इतकी निसरडी असतात की रिंगेची पकडच बसत नाही. थंडीच्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड पडून पुढे सुरळीत होत असेल, तर फाजील दाट तेल हेच कारण बहुधा निघते.

इतके सर्व पाहून झाल्यावर, क्लच पुरता सुटतो आहे, तेल योग्य आहे, दांडा कोठे घासत नाही, आणि तरीही एकच विशिष्ट गिअर, समजा दुसरा, करकरतो आणि तेलात पितळ दिसते, असे असेल तेव्हाच गिअरबॉक्स उघडायला सांगावे. तेथेही नवी रिंग चक्राच्या शंकूवर दाबून दोहोंमधली फट फीलर गेजने मोजायला लावावी, कारण फट पुस्तिकेतल्या मापापेक्षा कमी भरली तर शंकूच झिजला आहे, आणि मग चक्र न बदलता नुसती रिंग बदलण्यात अर्थ नाही. स्लीव्हच्या दातांची टोके गोलावली आहेत का, काटा सरळ आहे का, हेही समक्ष पाहावे. पेटी खाली आलीच आहे, तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनाचे मागले ऑइल सील यांचीही तपासणी त्याच मजुरीत उरकून घ्यावी.