एका दिवसाचे श्रम, दोन घरांना आधार

अमेरिकेत खासगी वा परदेशातून मूल दत्तक घेण्यासाठी हजारो डॉलर खर्च येतो. १९९७ पासून तेथील सरकार यासाठी करसवलत देते. परंतु ती खर्च झाल्यानंतर मिळते. सुरुवातीची रक्कम उभी करणे अनेकांना कठीण जाते. यावर टेनेसी राज्यातील ‘बोथ हँड्स’ या संस्थेने एक मार्ग दाखवला आहे. मूल दत्तक घेऊ इच्छिणारे कुटुंब आप्त-मित्रांसह एखाद्या गरजू विधवेच्या घराची दिवसभर विनामूल्य डागडुजी करते. प्रत्येक स्वयंसेवक परिचितांना पत्रे पाठवून आपल्या श्रमांसाठी देणग्या मागतो. दुरुस्तीचे सामानही शक्यतो देणगीरूपानेच मिळवतात. जमलेला निधी दत्तकविधानासाठी वापरला जातो. अशा प्रकारे विधवेचे घर सावरते आणि मुलाला घर मिळण्याची वाट सुकर होते.