विषारी डंखाची दुरुस्ती

वेस्नॉथच्या पटावर राक्षसी कोळी चावला की समोरच्या सैनिकाचे हिटपॉइंट, म्हणजे जीवनशक्तीचे गुण, तेवढ्यापुरते कमी होऊन भागत नाही. विष अंगात राहते आणि पुढच्या प्रत्येक फेरीला आठ हिटपॉइंट खाते. सैनिक गावाच्या घरात पोचला तर विष उतरते, पण त्या फेरीत जखम भरून येत नाही. विषाने कोणी मरत मात्र नाही. एक हिटपॉइंट उरला की विषाचा जोर संपतो. खेळणाऱ्याला हे नियम पहिल्या डावातच कळतात. पण ते संगणकाला नेमके कसे सांगितले आहेत आणि बिघडले तर कोण कसे नीट करते, याची गोष्ट खेळाइतकीच रंगतदार आहे आणि ती फार थोड्यांनी पाहिली आहे.

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा षटकोनी घरांचा, पाळीपाळीने खेळायचा युद्धखेळ. डेव्हिड व्हाइट यांनी तो 2003 मध्ये सुरू केला आणि 2005 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. खेळ सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे आणि जीपीएल परवान्याखाली खुला आहे. त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. एकट्याने खेळायच्या मोहिमा आहेत, तसेच नेटवरून दूरदेशीच्या खेळाडूंशी डाव मांडता येतो. वीस वर्षांहून अधिक काळ हा खेळ प्रामुख्याने हौशी, बिनपगारी मंडळींनी जिवंत ठेवला आहे. त्यांत लिनक्सच्या ‘आयपीटेबल्स’मुळे नावाजलेले रस्टी रसेल आहेत आणि ओपन सोर्स चळवळीतले एरिक रेमंडही आहेत.

आता हल्ल्यांच्या परिणामांकडे येऊ. कोळ्याच्या चाव्यात विष, तर त्याच्या जाळ्यात ‘मंद’ करण्याची ताकद आहे. मंद झालेल्याचा वार निम्मा होतो आणि चालही निम्म्यावर येते. वटवाघूळ रक्त शोषते, म्हणजे जितके नुकसान करील त्याच्या निम्मे हिटपॉइंट स्वतः मिळवते. चालत्या प्रेताने कोणाला मारले तर मेलेला त्याच्याच बाजूने प्रेत होऊन उभा राहतो. पण तो गावात मेला, किंवा मुळातच मृतयोनीतला असला, तर नाही. काही हल्ले समोरच्याचा दगड करतात.

वाचायला हे सोपे आहे. बारकावे लिहिताना निघतात. समजा वटवाघळाचा चावा चार नुकसानाचा आहे आणि समोरच्याकडे दोनच हिटपॉइंट उरले आहेत. मग वटवाघळाला निम्मे म्हणजे दोन द्यायचे की एक? वेस्नॉथ प्रत्यक्ष झालेले नुकसान धरतो, म्हणून एक. मंद करणारे जाळे लढाईच्या मध्येच बसले तर प्रतिस्पर्ध्याचा पुढचा वार लगेच निम्मा होतो, लढाई संपण्याची वाट पाहिली जात नाही. दगड झाला तर दोघांचेही उरलेले वार तिथेच रद्द होतात. या प्रत्येक ‘तर’मागे कोणीतरी केलेली तक्रार, झालेली चर्चा आणि बसवलेला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, असतो.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला दोन नेमबाजीच्या गुणांत दिसते. ‘मॅजिकल’ हल्ला कुठेही, कुणावरही सत्तर टक्के लागतो. ‘मार्क्समन’ला चढाई करताना निदान साठ टक्के मिळतात, आणि समोरचा उघड्यावर असेल तर त्याहून जास्तही. वेस्नॉथची नियम लिहिण्याची स्वतःची साधी भाषा आहे, डब्ल्यूएमएल. तिच्यात या दोन्ही गुणांची रचना जवळजवळ सारखीच आहे. आकडा आणि मार्क्समनची चढाईची अट सोडली तर खरा फरक ‘क्युम्युलेटिव्ह’ या एका किल्लीत आहे: एकीकडे ‘नो’, दुसरीकडे ‘यस’. ‘नो’ असेल तर जमिनीने दिलेला आकडा बाजूला सारून सत्तरच धरायचे. ‘यस’ असेल तर दोन्हींपैकी मोठा आकडा घ्यायचा. एवढ्या एका शब्दावर जादूगार आणि धनुर्धारी वेगळे पडतात. असा नियम वेगळ्या फाईलीत स्वच्छ लिहिलेला असला की नवा प्राणी घडवणाऱ्याला सी प्लस प्लसला हातही लावावा लागत नाही.

नियम वेगळे निघाले तरी लढाई चालवणारे यंत्र कोडमध्येच राहते, आणि रिफॅक्टरिंगचे, म्हणजे वागणूक न बदलता कोडची मांडणी सुधारण्याचे, खरे काम तिथे झाले. जुन्या आवृत्त्यांत चढाई करणाऱ्याचा वार आणि बचाव करणाऱ्याचा उलटा वार यांसाठी जवळजवळ तोच मजकूर दोनदा लिहिलेला होता. विष, मंदपणा, रक्तशोषण, सगळे दोनदा. अशा ठिकाणी एकीकडे दुरुस्ती होते आणि दुसरीकडे राहून जाते. पुढे ‘परफॉर्म हिट’ हे एकच फंक्शन आले. पाळी कोणाची ते त्याला सांगायचे, की मारणारा कोण आणि मार खाणारा कोण हे ते ठरवते, आणि बाकीचा मजकूर दोघांनाही एकच. खेळणाऱ्याला पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही, आणि तसेच दिसले पाहिजे.

मल्टिप्लेअरमध्ये याला विशेष महत्त्व का? कारण लढाईचा हिशोब प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर स्वतंत्रपणे होतो. यादृच्छिक आकड्यांचे बीज सर्व्हरकडून येते, त्यामुळे फासे सगळ्यांचे एकच असतात. नियमही तंतोतंत एकच असावे लागतात. एका संगणकावर कोळ्याने सैनिकाला मंद केले आणि दुसऱ्यावर केले नाही, तर तिथून पुढे दोघे दोन वेगळे डाव खेळू लागतात. म्हणून वाराच्या कोडमध्येच पहारा बसवला आहे. लागण्याची शक्यता, वार लागला की नाही, नुकसान किती, या तिन्ही गोष्टींचा दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या नोंदीशी मेळ घातला जातो. बसला नाही तर दोन्ही आकडे शेजारीशेजारी दाखवणारा ‘सिंक’चा संदेश निघतो. बग शोधणाऱ्याला याहून चांगला धागा मिळत नाही.

अनेक प्रतींतला मजकूर एकच राखण्याचे काम आपल्याकडे जुने आहे. बीडच्या वायव्येला, गोदावरीपलीकडे पैठणला, एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. प्रती अनेक, मजकूर एक, आणि दुरुस्ती करणाऱ्याने अर्थाला धक्का लावायचा नाही: रिफॅक्टरिंगची शिस्त मी यापेक्षा नेमकी सांगू शकत नाही.

दुरुस्तीत आणखी एक खाच आहे. हल्ल्याआधी खेळ जिंकण्या-हरण्याची शक्यता दाखवतो. तो हिशोब रस्टी रसेल यांनी 2006 मध्ये लिहिला. दोन्ही बाजूंच्या हिटपॉइंटांच्या सगळ्या जोड्यांचा तक्ता त्यात असतो, आणि असे तक्ते चार: कोणीच मंद नाही, पहिला मंद, दुसरा मंद, दोघेही मंद. खेळातली कृत्रिम बुद्धीही याच अंदाजावर चालते. त्यामुळे एखाद्या परिणामाचा नियम प्रत्यक्ष लढाईत बदलला आणि अंदाजात विसरला, तर खिडकी एक सांगते आणि पटावर भलतेच घडते. दोन्ही जागा तपासल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. त्यासाठी लहान लहान चाचणी-डाव लिहिलेले आहेत. ते संगणक आपोआप खेळतो आणि निकाल पडताळतो. शिवाय 1.16, 1.18 अशा सम आकड्यांच्या आवृत्त्या स्थिर मानतात. त्यांत नियमाला धक्का देणारा बदल सहसा घेत नाहीत, कारण नवी आणि जुनी प्रत घेऊन बसलेल्या दोघांचा डाव फुटेल. बरोबर असलेला पॅचही मग पुढच्या विषम आवृत्तीची वाट पाहतो. हा संयम मला या प्रकल्पाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथे संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पुण्याहून विकत आणू नका. वेस्नॉथचा कोड गिटहबवर उघडा आहे. त्याला फी नाही, ओळख लागत नाही, जुन्या संगणकावरही खेळ चालतो. आधी ‘वेपन स्पेशल्स’ची फाईल वाचा, मग ‘अटॅक’ची. एखादा नोंदवलेला बग आपल्या संगणकावर घडवून दाखवता आला तरी ते मोठे काम आहे. त्यानंतर छोटा पॅच पाठवा. अनुभवी माणसे ओळीओळीवर शेरे देतील, क्वचित परतही करतील. पण कारण लेखी मिळेल, आणि असे शिक्षण इथल्या कुठल्याही क्लासात पैसे मोजून मिळत नाही. दोघा-तिघांनी मिळून या सुट्टीतच सुरुवात करा.