तीन सेकंद थांबूया

शारजातला वन बीएचके फ्लॅट. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी विज्ञानाची वही, आतल्या खोलीत बाबांची मीटिंग चालू. पडद्यावरून मिस विचारतात, "झाडं अन्न कशी तयार करतात, कोण सांगेल?" तिसरीतली मुलगी माउस हलवते, म्यूट काढायचं बटण शोधते, बोलायला तोंड उघडते आणि तोवर मिसनी दुसऱ्याचं नाव घेतलेलं असतं. उत्तर तिला येत होतं.

कोरोनामुळे संयुक्त अरब अमिरातीत ८ मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या. वसंत ऋतूची सुट्टी आधी घेऊन २२ मार्चला दूरशिक्षण सुरू झालं आणि पुढे ते वर्षअखेरीपर्यंत लांबलं. तिथल्या भारतीय शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे सीबीएसईच्या मुलांना नवी इयत्ता आणि नव्या वर्गशिक्षिका पहिल्यांदा भेटल्या त्या पडद्यावरच. सरकारने तयारी चांगली केली. ज्या देशात व्हॉट्सअ‍ॅपवरून गावी आजीला कॉल लागत नाही, तिथे झूम, टीम्स यांसारख्या ॲप्सना परवानगी मिळाली. घरी इंटरनेट नसलेल्या कुटुंबांना दू आणि एतिसलात या कंपन्यांनी मोबाइल डेटा मोफत दिला.

पण डेटा मिळाला तरी वर्गातला एक जिन्नस तारेतून जाताना बिघडतो. तो म्हणजे बोलण्याची वेळ.

मुलीचा आवाज निघतो तेव्हा संगणक त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. हे तुकडे स्वतंत्रपणे निघतात. कुणी लवकर पोचतो, कुणी रेंगाळतो, कुणी वाटेत हरवतो. पलीकडचा संगणक ते क्षणभर धरून ठेवतो, ओळीने लावतो आणि मग ऐकवतो. हा उशीर एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा सल्ला आहे. घरातल्या एकाच वायफायवर आईची मीटिंग, दादाचा वर्ग आणि कुणाचा तरी व्हिडिओ एकदम चालू असेल, तर तो पाळणं अवघड.

एवढासा उशीर जाणवतो तरी का? नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधले संवाद मोजले. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतची फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाली. आपला मेंदू या तालाला इतका सरावलेला असतो, की फट थोडी वाढली तरी समोरच्याला उत्तर येत नाही, असं वाटू लागतं.

त्यात शिक्षकांची एक जुनी सवय भर घालते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात प्राथमिक शाळांतले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तोच थांबा तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. हे समोरासमोरच्या वर्गातलं. पडद्यावर म्यूट काढण्यातच तो एक सेकंद संपतो. शारजातल्या त्या मुलीला विचार करायला वेळ उरलाच कुठे?

आणि मग शेजारी बसलेली आई हळूच उत्तर सांगते. तिची कळकळ मला पूर्ण समजते; आपलं लेकरू मागे पडेल ही भीती खरी असते. पण त्या कुजबुजीने मुलीच्या वाट्याची शेवटची फटही बुजते. आठवण्याची धडपड हाच शिकण्याचा मोठा भाग आहे, आणि नेमका तोच तिच्या हातून निसटतो.

दूरशिक्षण आता टाळेबंदीपुरतं राहिलेलं नाही. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस कोसळला. १९४९ पासूनच्या नोंदींतला हा सर्वाधिक पाऊस. रस्ते पाण्याखाली गेले आणि मुलं पुन्हा घरातून वर्गात बसली. असे दिवस पुढेही येतील, दुबईत आणि मुंबईतही.

तेव्हा शिक्षकांना एक विनंती: प्रश्न विचारल्यावर मनात एक, दोन, तीन मोजा आणि मगच पुढचं नाव घ्या. आईबाबांनो, वर्ग चालू असताना दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ बंद ठेवा, आणि मुलगी गप्प झाली तर तुम्हीही गप्प राहा. ती विचार करते आहे.