सावलीत चढणारी हायड्रेंजिया शहापूर-मुरबाडला जगेल का? ऑर्डर करण्याआधी हे वाचा!

मंडळी, ते रील तुमच्याही समोर आलं असेल. जुनी दगडी भिंत, तिच्यावर हिरवागार वेल, वेलावर बशीएवढे पांढरे फुलांचे झुबके आणि खाली एक ओळ, 'ऊन नसलं तरी चालतं!' शहापूर-मुरबाडकडे ज्यांचं घर आंब्या-फणसाच्या दाट सावलीत आहे, त्यांचा हात अशा वेळी आपोआप ऑर्डरच्या बटणाकडे जातो.

जरा थांबा. त्या रीलमध्ये खोटं काहीच नाही. हायड्रेंजिया पेटिओलारिस नावाचा हा वेल खरोखरच सावलीत वाढतो. खोडाला फुटणाऱ्या बारीक मुळांनी तो भिंतीला किंवा झाडाला चिकटतो आणि दहा-पंधरा मीटरपर्यंत चढतो. प्रश्न सावलीचा नाहीच, थंडीचा आहे. हा वेल जपान, कोरिया आणि रशियाच्या साखालिन बेटावरचा. हिवाळ्यात पानं गाळून तो झोपी जातो आणि त्या झोपेसाठी त्याला काही आठवडे कडाक्याची थंडी लागते. त्याची एक बहीण आपल्या हिमालयात आहे, पण तीही उंचावरच्या गार जंगलात. आपल्या माहुली किल्ल्याचा माथा हजार मीटरही भरत नाही! पौषातल्या पहाटे शहापूरला शाल लागते खरी, पण दुपारी पारा पुन्हा तिशीच्या आसपास असतो. एप्रिल-मे तर विचारूच नका.

दुसरी अडचण पाण्याची. 'हायड्रेंजिया' हे नाव ग्रीक भाषेतल्या 'पाणी' आणि 'भांडं' या शब्दांवरून आलंय. ते पडलं बीजकोशाच्या आकारामुळे, पण शोभतं झाडाच्या तहानेलाही. कायम ओलसर, पण पाणी न साचणारी माती त्याला हवी असते. इकडे भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. जगण्याची शक्यताच नसलेल्या वेलावर त्या दिवसांत रोज बादलीभर पाणी ओतायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि बियांची पाकिटं घेणाऱ्यांसाठी एक सोपी खूण: हायड्रेंजियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. पाकिटातून मेथीएवढे दाणे निघाले तर ते दुसऱ्याच कशाचं तरी बी आहे.

मग सावलीत लावायचं काय?

रीलमधल्या वेलासारखं मुळांनी चिकटून चढणारं आपल्याकडचं उत्तर म्हणजे काळी मिरी. पांढरे झुबके मिळणार नाहीत, पण काळपट हिरवी चकचकीत पानं वर्षभर राहतात आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून मिरीही मिळू लागते. आंबा, फणस, नारळ, पांगारा, कशावरही चढवा. जमिनीलगत पसरणाऱ्या धावत्या फुटव्यांपासून केलेलं रोप घ्या आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाच्या उत्तरेला किंवा पूर्वेला लावा, म्हणजे दुपारचं ऊन थेट लागणार नाही. नर्सरीत बहुतेक वेळा 'पन्नियूर-१' पुढे केली जाते. जात चांगली आहे, पण तिला उजेड जास्त लागतो. सावली दाट असेल तर 'पन्नियूर-५' मागा.

मिरी मरते ती बहुधा पावसाळ्यात. मुरबाडच्या पावसात बुंध्याशी पाणी साचलं की बुरशीमुळे मुळं कुजतात आणि उभा वेल काही दिवसांत माना टाकतो. म्हणून रोप खड्ड्यात नको, मातीच्या उंचवट्यावर लावा. उन्हाळ्यात मात्र बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्या आणि बेताचं पाणी घाला. ओट्यावरचं हात-तोंड धुतल्याचं साधं पाणी तिकडे वळवलं तरी चालेल, फक्त साबणाचं नको.

पाणी घालायला माणूसच नसेल, शनिवार-रविवारपुरतं घर उघडत असेल, तर गुळवेल. उन्हाळ्यात ती पानं झाडून टाकते आणि नुसत्या खोडावर तग धरते. बुंध्यातून तोडली तरी वरून दोरीसारखी मुळं खाली सोडून पुन्हा जमीन गाठते, इतकी चिवट! अंगठ्याएवढ्या जाडीची, दोन-तीन पेरांची कांडी जूनमध्ये मातीत खोचली की झालं. ती चिकटत नाही, वेढे घालत चढते, त्यामुळे भिंतीला जाळी किंवा दोरी बांधावी लागेल. लहान झाडावर सोडू नका, ती त्याला झाकून टाकते.

पण कांडीसाठी जंगलातली वेल उपटू नका. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेलीचा व्यवसाय उभा केलाय. २०२१ मध्ये त्यांना ३५० टनांची, सुमारे १.५७ कोटी रुपयांची मागणी मिळाल्याची बातमी केंद्र सरकारनेच दिली होती. आपल्याला हौस म्हणून हवी असलेली वेल तिथे कुणाची तरी मजुरी असते. गावात बहुतेकांच्या कुंपणावर ती असतेच, तिथून विचारून एक कांडी घ्या. आणि दारात आली म्हणून मनानेच काढे सुरू करू नका. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जातही असते, शिवाय गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

फुलंच हवीत, असा हट्ट असेल तर हिरवा चाफा लावा. अर्धवट सावली त्याला चालते. फुलाच्या देठालाच आकडा असतो आणि त्या आकड्याने तो आधार पकडतो. फुलं पानांच्याच रंगाची, त्यामुळे सहज दिसत नाहीत. पिवळी पडायला लागली की संध्याकाळी वास येतो आणि मग घरातले सगळे फांद्या बाजूला करून फूल शोधत बसतात. रीलसाठी तो तितका कामाचा नाही.