महिनाअखेरची पिठी

गेल्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध झालं. पानं उठल्यावर नातेवाईक बोलत बसले आणि जो तो एकच वाक्य म्हणू लागला : ‘त्यांच्या हाताला काय चव होती!’ माझा मुलगाही तेच म्हणाला. मला ते लागलं. आईच्या हाताला चव होतीच, पण परळच्या दोन खोल्यांत आठ माणसांचं घर आणि वर चार खानावळी गडी तिनं जगवले, ते चवीच्या जोरावर नव्हे. त्यामागे डोकं होतं. त्या डोक्याबद्दल दिवसभरात कुणी एक शब्द काढला नाही.

चार दिवसांनी घरात विचारलं, ‘तूरडाळ किती उरलीय?’ मुलगा फोनमध्ये बघतच म्हणाला, ‘संपली की मागवू, दहा मिनिटांत येते.’ म्हणून आज मागे वळून बघते आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांबद्दल आई फारसं सांगत नसे. माझी आठवण सुरू होते १९७२ पासून. मी सहावीत होते. दुष्काळ खेड्यापाड्यांत होता, पण त्याची झळ गिरणगावातल्या चुलीपर्यंत आली होती. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. त्याची भाकरी थापतानाच तुटायची. आई कढत पाण्यात पीठ भिजवून त्यात मूठभर तांदळाचं पीठ घालायची, तेव्हा कुठे ती तव्यापर्यंत पोचायची. रेशनच्या रांगेत मी उभी राहायचे. काटा स्थिर होण्याआधीच दुकानदार धान्य पिशवीत ओतायचा. आई घरी मापट्यानं पुन्हा मोजायची आणि कमी भरलं तर पिशवी घेऊन तशीच परत जायची. दुकानदार चारचौघांत तिला ‘भांडकुदळ’ म्हणायचा. पन्नास वर्षं झाली, तो शब्द मी विसरलेले नाही. ती भांडत नव्हती, आमच्या ताटातलं परत आणत होती.

त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी पक्ष बाजूला ठेवून महागाईविरोधात बायकांना एकत्र आणलं. हातात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. आईही गेली. संध्याकाळी काका बाबांना म्हणाले, ‘बायकांना महागाईतलं काय कळतं?’ आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं गोडंतेल, तूरडाळ, गूळ, रॉकेल यांचे मागच्या तीन महिन्यांचे भाव म्हणून दाखवले. काकांना एकाचाही भाव माहीत नव्हता. पुढेही अनेक वर्षं ते तिच्या हातचं जेवले आणि घरखर्चाचा विषय निघाला की तिला ‘तुला नाही कळायचं’ म्हणत राहिले. आज ते नाहीत, तरी हे लिहून ठेवते.

आईचा हिशेब दाराच्या मागे असायचा. वाण्याकडून उधारीवर काय आलं, त्याच्या कोळशानं ओढलेल्या रेघा. तेलाच्या उभ्या, डाळीच्या आडव्या, साखरेचे ठिपके. एकदा वाण्याच्या वहीत तेल दोनदा लागलं होतं. आईनं त्याला चाळीत बोलावून रेघा दाखवल्या. त्यानं तिथल्या तिथे एक ओळ खोडली आणि पुन्हा कधी चूक केली नाही. १९७३ मध्ये कालनिर्णय निघालं. आमच्या भिंतीवर ते आलं तेव्हा रेघा दारावरून त्याच्या चौकोनांत गेल्या. दुधाचे खाडे, रॉकेल आणलेली तारीख, डाळीचा डबा उघडला तो दिवस.

डबा उघडल्याची तारीख ही तिची सगळ्यात मोठी युक्ती होती. मागच्या महिन्यात डबा किती दिवस पुरला ते कळलं की या महिन्यात कुठे हात आखडायचा ते दहा दिवस आधीच ठरायचं. प्रत्येक वेळी शिजवायला घेतलेल्या तांदळातून ती एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. दोन वेळच्या मिळून महिन्याला साठ मुठी. म्हणजे बारा माणसांचा एका दिवसाचा भात. पगाराच्या आदल्या दिवशी ते मडकं उघडायचं.

आठवड्याची आखणी वारांवर चालायची. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात मासळी नाही. एकादशी-संकष्टी वेगळी. म्हणजे महिन्यातले जवळजवळ निम्मे दिवस मासळीशिवाय निघायचे, आणि ते देवाच्या नावानं असल्यामुळे मुलं कुरकुरत नसत. बाजाराच्या दिवशी आई सकाळी जायची नाही. बारा वाजून गेले आणि कोळणीची टोपली तळाला आली की वाटा मोठा व्हायचा. पावसाळ्यात मासळी महागली की सुकट, बोंबील, सोडे निघायचे. ते मे महिन्यातच गावाहून येऊन डब्यात बंद झालेले असायचे. कुळीथ, कोकम, तांदूळही गावचेच. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुळथाची पिठी आणि भात. त्या पिठीच्या वासावरून आम्हाला तारीख कळायची.

खानावळी गड्यांचे पैसे गिरणीच्या पगारानंतर यायचे आणि सामान मात्र आधी भरावं लागायचं. मधल्या दिवसांची उधारी वाणी भावात वसूल करायचा. गिरणगावात अशी घरात खानावळ चालवणाऱ्या कितीतरी बायका होत्या. १९७४ मध्ये गिरणीत ४२ दिवसांचा संप झाला. पगार थांबला, जेवणारे थांबले नाहीत. आईनं पाटल्या गहाण ठेवल्या. संपाच्या आठवणी मी पुष्कळ वाचल्या. त्यांत सभा आहेत, पुढारी आहेत, घोषणा आहेत. त्या ४२ दिवसांत कामगारांना दोन वेळचं वाढलं कुणी आणि कुणाच्या सोन्यावर, हे फार थोड्या ठिकाणी सापडलं. ते नेमकं पाहिलं प्रेमा पुरव यांनी. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवाल्या बायका गट करून एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हातात आलं. आईला ते मिळालं तेव्हा तिनं पहिल्यांदा वाण्याला रोख मोजली. तोच तांदूळ, तोच वाणी, पण भाव खाली. ‘उधारीचा भात महाग असतो’, हे अर्थशास्त्र मी तिच्याकडून शिकले.

१९७५ मध्येच मुंबई ग्राहक पंचायतही सुरू झाली. सभासदांनी महिन्याची यादी भरायची, माल घाऊक आणायचा, आपणच वाटून घ्यायचा. यादी आधी करणं, हा पंचायतीचा आणि आईच्या हिशेबाचा, दोन्हींचा पाया.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांच्या संपानं गिरण्या पुन्हा थांबल्या. आईनं या वेळीही जेवण बंद केलं नाही. सहा महिन्यांनी दोन गडी गावाला निघून गेले, मग तिसरा. चौथा वर्षभर राहिला आणि एका पहाटे न सांगता गेला. कालनिर्णयवर त्याच्या नावापुढचे चौकोन तिनं भरलेच, पण पैसे कधी मागितले नाहीत. माझ्यासाठी सत्तरचं दशक त्या पहाटे संपलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गॅस आला, फ्रिज आला, मॉल आले. आम्ही डोंबिवलीला गेलो. सुबत्ता आली, आणि ती आली याचा मला आनंदच आहे. मिलोची भाकरी कुणाच्या ताटात पुन्हा येऊ नये. सरकारच्या खर्च-पाहणीनुसार देशातल्या शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ४८ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४० टक्क्यांवर आला. पण २०२३-२४ च्या त्याच पाहणीत पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर खर्चाचे ११ टक्के गेले आणि धान्यावर चार टक्क्यांहूनही कमी. हे आकडे मी माझ्याच घरात रोज बघते. कणकेचा डबा भरलेला असतो आणि दारात पार्सल येतं. महिनाअखेरीला पैसे कुठे गेले ते कुणालाच सांगता येत नाही, कारण ते एकदम कधी गेलेच नाहीत. दहा-दहा मिनिटांनी गेले.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते विचारणं बंद झालं, हे. रात्री भांडी घासून झाली की आई उंबऱ्यात बसून विचारायची, ‘उद्या काय करायचं?’ तेव्हा कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाची परीक्षा आहे, डाळ किती आहे, हे सगळं एकत्र बोललं जायचं. उद्याचं ताट आजच डोळ्यांपुढे यायचं, आणि घरातल्या प्रत्येकाला घराची परिस्थिती माहीत असायची. आम्ही मुलं हट्ट करत नव्हतो ते शहाणी होतो म्हणून नव्हे, डब्यात किती आहे ते बघितलेलं असायचं म्हणून.

वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मी मुलाला बसवून हे सगळं सांगितलं. रेघांचं, मुठींचं, पाटल्यांचं. तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘हे आजीनं मला कधी सांगितलं नाही.’ चूक तिची नाही. त्याला पोळी वाढताना मीही कधी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. कालनिर्णयवर बारा तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘तूरडाळ, २ किलो, डबा उघडला.’ अक्षर मुलाचं होतं.